सातव्या वेशीवरचं मांजर

वॉर्सा, १५ सप्टेंबर २०२५

सेवेक,

रजिस्टर पत्र बघून तू पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील. कोर्टाचं नाही, करखात्याचंही नाही. माझं आहे. पाकिटावर दुकानाचा शिक्का मी मुद्दाम मारून घेतला, कारण नुसतं माझं नाव बघून तू ते पोस्टातच सोडून आला असतास.

कामाचं आधी सांगते. गेली अकरा वर्षं मी जुने कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या एका दुकानात आहे. शटर असलेलं दुकान नव्हे, सगळा कारभार इंटरनेटवर. आमचा नेम एकच: कुलूप लावलेला गेम विकायचा नाही. ज्याने घेतला त्याचा तो झाला. मग त्याने तो तीन मशीनवर घालावा, आत्याला द्यावा, कपाटात ठेवून विसरून जावा, आम्ही विचारत नाही. माझा विभाग म्हणजे मेलेल्या गेमना नव्या मशीनवर उठवून बसवणारा. ऑफिसात आम्हाला इस्पितळ म्हणतात.

आमच्या साइटवर एक यादी असते. 'हा गेम परत आणा' असं लोक तिथे सांगतात. 'सातवी वेस' परत आणा म्हणणारी माणसं किती असतील? एक्केचाळीस हजार. आपण गेमचे सहाशे डबे विकले होते, सेवेक.

तेव्हा दुकानाने ठरवलं आहे. सहा डिसेंबरला, मिकोवाइकीच्या दिवशी, मुलांच्या बुटांत भेटी ठेवतात तेव्हा, 'सातवी वेस' पुन्हा बाहेर येईल. पण त्यासाठी तिघांच्या सह्या लागतात: माझी, रेमेकची आणि तुझी. माझी झाली. रेमेकने परवा केली; नवरा राहिला नाही, भागीदार अजून आहे. तुझी तीस नोव्हेंबरपर्यंत आली नाही, तर आमचे वकील ते काम बंद करून फाइल तळघरात टाकतील आणि मग ती कोणी उघडणार नाही. संमतिपत्र सोबत आहे, तिकीट लावलेलं पाकीटही आहे. तुला फक्त पेन शोधायचं आहे.

वकिलांसाठी मला गेमचं वर्णन चार ओळींत लिहावं लागलं. वाच आणि हस: 'घंटा ओतणाऱ्याची मुलगी रोझाल्का. शत्रूने गावची घंटा किल्ल्यात नेऊन मुकी करून ठेवली आहे. ती मुलगी सात वेशी ओलांडून घंटेचा लोलक परत आणते. कोणाला मारत नाही. फक्त कोणाला ऐकू येऊ नये अशी चालते.' दोन वर्षं आपण आईच्या स्वयंपाकघरात बसून जे केलं, ते चार ओळींत मावलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासोबत काम करणारी झानेटा आपण गेम केला तेव्हा चार वर्षांची होती. तिने तो यंदा इथे ऑफिसात पहिल्यांदा लावला, तिसऱ्या वेशीच्या फरशीपर्यंत आली आणि कोणी न सांगता रोझाल्काचे बूट दाराशी काढून ठेवले. मी विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, "घरात शिरतेय ना ती. मग बूट घालून कशी शिरेल?" तुला आठवतं, जर्मन मासिकाने लिहिलं होतं की हा गेम अशक्य आहे, तिसऱ्या वेशीपुढे जाताच येत नाही? त्या भल्या माणसाला कोणाच्या दारात बूट काढायची सवयच नव्हती. मी परवा हे आठवून ऑफिसात एकटीच हसले.

बाकी मी काही उकरत नाही. डिस्क रविवारच्या चोरबाजारात कशी गेली, कोणी नेली, रेमेक तुला काय बोलला, तू त्याच संध्याकाळी बॅग घेऊन कसा निघालास, हे सगळं जुनं झालं. आईच्या अंत्ययात्रेत तू मागच्या रांगेत उभा राहून कोणाशी न बोलता गेलास, तेही मी बोलत नाही. सही तेवढी कर.

बोग्ना

वॉर्सा, ७ ऑक्टोबर

सेवेक,

पोचपावती आली, तिच्यावर तुझी सही आहे. शेवटचं अक्षर अजून तसंच घसरतं, उतारावर सोडलेल्या सायकलीसारखं. म्हणजे पेन आहे घरात. संमतिपत्र मात्र आलं नाही.

ठीक आहे. घाई नाही म्हणत नाही, घाई आहे. पण तू घर तापवायच्या विटांच्या भट्ट्या बांधतोस असं वांदा मावशीकडून कळलं. थंडीच्या तोंडावर तुमच्या अख्ख्या पोद्लासिये भागाला त्या हव्या असतील, तेव्हा कामात असशील असं समजते.

इकडे काय चाललंय ते ऐक. तुझा मूळ प्रोग्राम कुठेच नाही. आपलं मशीन रेमेकने त्या हिवाळ्यात विकलं होतं आणि प्रकाशकाचं गोदाम तर केव्हाच उठलं. मग झानेटाने ग्दिनियाच्या एका संग्राहकाकडून डबाबंद खरी डिस्क मिळवली. आणि रादोमच्या एका दातांच्या डॉक्टरकडून एक बाजारातली नक्कल, पाठीवर निळ्या शाईने 'सातवी वेश' असं चुकीचं लिहिलेली. दोन्ही शेजारी ठेवून ती तीन आठवडे बसली आहे.

ती तुझा प्रोग्राम वाचते आणि मधेच खुर्ची मागे ढकलून उठते. परवा मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, "बघा इथे. त्या काळी सगळेजण अंतर मोजून सोडून द्यायचे. पहारेकरी दहा पावलांवर असला की ऐकू येतं, अकरावर येत नाही, संपलं. याने आवाज खोल्याखोल्यांतून वाहू दिलाय. दार बंद असलं तर फटीतून झिरपतो. पेंढ्यात मुरतो. इतक्याशा मशीनवर याने हे केलं कसं?" मी म्हटलं, तो लहानपणी आजारी असायचा, पडल्यापडल्या घरात कोण कुठे चालतंय ते ओळखायचा. तिला ते पुरलं. मला पुरलं नाही. दोन वर्षं मी तुझ्या शेजारी बसून भिंती आणि जिने रंगवत होते, आणि त्या भिंतींतून तू काय वाहतं केलं आहेस ते मला कळलंच नव्हतं.

रझेशुवहून ओल्गिएर्द नावाच्या गृहस्थांचं पत्र आलंय. ते जन्मांध आहेत. त्यांनी 'सातवी वेस' नुसत्या कानांवर पुरी केली आहे. फळी, दगड, पेंढा, पाणी, सगळं पावलागणिक ऐकत. त्यांना चार महिने लागले. ते लिहितात: 'त्या किल्ल्यात मी कोणाचा हात धरला नाही. आयुष्यात तेवढं एकच ठिकाण.' हे पत्र आम्ही भिंतीवर लावलं आहे. मी त्याच्यासमोरून जाताना हळू चालते, हसू नकोस.

आता अडचण. खऱ्या डिस्कवर ते कुलूप आहे. कल्पना प्रकाशकाची, हात तुझे. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर एक खूण असते. ती खूण दिसली नाही, म्हणजे डिस्क नक्कल असली, की सातव्या वेशीवर पहारा देणाऱ्या आंधळ्या वालेंती आजोबांना रोझाल्काची अनवाणी पावलंसुद्धा ऐकू येतात आणि ते धोक्याची घंटा वाजवतात. कितीही हळू चाला. चोराला शेवट बघायला मिळत नाही.

पण बाजारातल्या नकलेत असं होत नाही. तिथे वालेंती मान वर करतात. वरून शिपाई ओरडतो, कोण आहे रे तिकडे? आजोबा काठी चाचपतात. मग म्हणतात, "कोणी नाही. मांजर असेल." आणि आडवी ठेवलेली काठी बाजूला घेतात. रोझाल्का जाते.

त्या एक्केचाळीस हजारांपैकी निम्मे लोक फक्त या मांजराबद्दल लिहितात. एकीने लिहिलंय की तिच्या घरात कोणी चुकलं आणि दुसऱ्याने पांघरूण घातलं की अजून म्हणतात, मांजर असेल. मी पूर्वीही हे ऐकलं होतं. मला वाटायचं, बाजारवाल्यांनी चिकटवलं असेल, ते गेममध्ये स्वतःचं काहीबाही घालायचेच. मी बाजारातली नक्कल कधी मशीनला लावली नाही. त्याला कारणं आहेत.

त्या नकलेच्या डिस्कला नावसुद्धा आहे. मशीनमध्ये घातली की पडद्यावर येतं: 'बाजारासाठी'. झानेटा म्हणाली, "चोर, पण शिस्तीचे." सगळे हसले. मीही हसले.

सही कर, सेवेक.

बोग्ना

वुज, २ नोव्हेंबर

सेवेक,

काल सर्व संतांचा दिवस, सगळे कबरींवर दिवे लावतात तो. मी दुपारी आईच्या कबरीवर गेले. हातात शेवंतीची कुंडी, पिशवीत चिंधी आणि ब्रश. काही करायला उरलंच नव्हतं. दगड पुसलेला, अक्षरांतलं शेवाळ काडीने काढलेलं, पानं एका बाजूला लोटलेली. आणि मधोमध एक लाल काचेचा दिवा, अर्धा जळलेला. पहाटेच आला असशील. मला टाळायला इतक्या लवकर उठलास.

मी माझा दिवा तुझ्याशेजारी ठेवला आणि तिथे उभी राहिले ते पाय बधिर होईपर्यंत. हे पत्र वांदा मावशीच्या घरून लिहिते आहे. ती आत भरलेली कोबीची पानं तळते आहे आणि दर पाच मिनिटांनी विचारते, कोणाला लिहितेस?

गेल्या पत्रात लिहिलं नाही ते आता लिहिते. मी अखेर ती नक्कल लावली. हेडफोन घालून सातव्या वेशीपर्यंत गेले. वालेंती आजोबांनी मान वर केली आणि बोलले. सेवेक, तो तुझा आवाज आहे. घसा खरवडून म्हाताऱ्याचा काढलेला, पण तुझा. आणि मागे, अगदी बारीक, आईच्या किटलीची शिट्टी. पहाटे चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जाण्याआधी ती चहा ठेवायची ती. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मला वाटतं मी रडले. झानेटाने दार लावून घेतलं.

म्हणजे मांजर बाजारवाल्यांचं नाही, तुझं आहे. मला त्याचा अर्थ लागला तो असा: परीक्षणासाठी मासिकवाल्यांना द्यायच्या प्रतींवर कारखान्याची खूण असणार नव्हती. त्यांना गेम शेवटपर्यंत खेळता यावा म्हणून तू प्रती द्यायच्या आदल्या शनिवारी रात्रभर बसून कुलूप सैल केलंस. आणि सैल करताना तुला गंमत सुचली असेल.

आता मी काय लपवत होते ते. सत्तावीस वर्षं चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. कोणी बाजाराचं नाव काढलं की मी खोलीतून उठते.

मासिकांना सोमवारी बारा प्रती हव्या होत्या. आपलं यंत्र शनिवारीच धूर सोडू लागलं होतं; फार तर एक डिस्क निघेल असं तू म्हणालास, आणि रविवारी सकाळी ती काढून त्याने राम म्हटला. तू मला ती एक डिस्क दिलीस. मी सांगितलं, कारखान्यात जाते, तिथे करून देतील. तू म्हणालास, "रविवारी कारखान्यात कोण असणार?" मी म्हटलं, पहारेकरी ओळखीचा आहे. तू "बरं" म्हणालास आणि माझा मफलर खुंटीवरून काढून दिलास.

मी कारखान्यात गेलेच नाही. मी शाळेच्या जिममधल्या रविवारच्या बाजारात गेले. साऱ्या शहरात रविवारी डिस्क काढून देईल असा तोच एक होता, झेनोन. व्यायामाच्या तासाला ज्याच्यावरून उड्या मारतात त्या लाकडी खोक्याला टेकून बसायचा. चार यंत्रं, एकही बिघडलेलं नाही. बारा डिस्क त्याने दुपारपर्यंत काढून दिल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, चोख. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. म्हणाला, "तेरावी मी ठेवतो, बाई. मजुरी समजा. घरी खेळू."

मी हो म्हटलं. मला घाई होती, पावणेएकची ट्राम होती. आपल्या दोन वर्षांच्या कामाची चोरी व्हावी यासाठी मी मान हलवली आणि वर त्याचे आभार मानले.

पुढच्या रविवारी 'सातवी वेस' त्या जिममधल्या सगळ्या टेबलांवर होती. दुकानात यायला अजून पाच दिवस होते. मग डबे परत आले, प्रकाशकाने हात वर केले, आणि रेमेक स्वयंपाकघरात ओरडला, "डिस्क तुझ्याशिवाय कोणाच्या हातात होती?" तुला उद्देशून. मी त्याची बायको, खसखशीचा केक कापत उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग रेमेककडे बघून म्हणालास, "मांजराने नेली असेल."

रेमेकला वाटलं तू थट्टा करतोस. त्याने तुला हाकललं. आई तुझ्यामागे जिन्यापर्यंत गेली. मी केक कापत राहिले. सहा तुकडे केले, मोजून, आणि कोणी एकही खाल्ला नाही.

अळीमिळी गुपचिळी. मला भीती होती रेमेक मला सोडेल. त्याने नंतर तरीही सोडलंच, पण ती वेगळी कथा.

डिस्क मी नेली, सेवेक. तू नव्हे. हे तुला ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. आता सांगितलं. सहीसाठी नाही सांगितलं. सही नको करू हवं तर.

बोग्ना

वॉर्सा, १७ नोव्हेंबर

सेवेक,

पोचपावती आली. तू वाचलं आहेस.

आता हे ऐक, आणि बसून ऐक.

झानेटाला शंका आली. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून नक्कल, असं होत आलेल्या डिस्कमध्ये काय मूळचं आणि काय मागाहून घुसलेलं, ते ठरवायला तिला पहिली डिस्क हवी होती. ती संग्राहकांना पत्रं लिहीत बसली. गावभर शोध. आणि काखेत कळसा: ती पहिली डिस्क माझ्याकडे होती. आईच्या बटणांच्या डब्यात, सगळ्या बटणांखाली, मफलरच्या तुकड्यात गुंडाळून. त्या रविवारी बाजारातून परत आल्यावर मी ती तिथे पुरली होती. चार घरं बदलली, डबा सोबत आला, पण तळाशी हात घातला नाही.

शुक्रवारी तो डबा मी इस्पितळात नेला. डिस्क दोनदा फिरली आणि थांबली. झानेटा म्हणाली, फार जुनी आहे, आशा ठेवू नका. तिसऱ्यांदा लागली.

पडद्यावर डिस्कचं नाव आलं. 'बाजारासाठी'.

झानेटाला काही कळलं नाही. म्हणाली, हे तर चोरांचं नाव ना, मग मूळ डिस्कवर कसं? ही डिस्क तुझ्या हातून माझ्या हातात आली होती. मध्ये कोणीच नव्हतं. झेनोनने पाहण्याआधी, मी मफलर गुंडाळण्याआधी, मी तुला कारखान्याची थाप मारण्याआधीच तू तिचं नाव ठेवून मोकळा झाला होतास. मांजराच्या फाइलवर वेळही आहे: रविवार, २२ नोव्हेंबर १९९८, पहाटेचे पाच चाळीस.

तुला ठाऊक होतं. मी कुठे जाणार ते तुला माझ्याआधी ठाऊक होतं. शहरात रविवारी एकच जागा होती, आणि बहीणही एकच होती. तू मला अडवू शकला असतास. त्याऐवजी बसलास आणि ज्यांच्या हाती ती चोरीची डिस्क पडेल त्यांच्यासाठी घंटा काढून तिथे मांजर ठेवलंस. अख्ख्या देशाने तुझं मांजर पाहिलं ते मी थाप मारली म्हणून, आणि ती थाप तू ऐकून न ऐकल्यासारखी केलीस म्हणून.

आणि नंतर स्वयंपाकघरात रेमेकने विचारलं, तेव्हा तू थट्टा करत नव्हतास. तू सातव्या वेशीवर बसला होतास आणि तुला माझी पावलं ऐकू आली होती.

मला वाटायचं मी तुला ओळखते. तुझा स्वभाव तिरसट, जेवताना पुस्तक, नाताळात कोणाला शुभेच्छा देताना जीव जातो. एवढं मोठं काही तुझ्या आत गप्प बसून आहे, हे मला कळलं नाही. मी छपन्न वर्षांची आहे, सेवेक. तीन दिवस मी नुसती आश्चर्य करत फिरते आहे. ट्राममध्ये माणसांकडे बघते आणि मनात येतं, यांच्यातल्या कोणी कोणासाठी काय गिळलं असेल.

रविवारी मी रेमेकला फोन केला. तो आता बॉयलर विकतो, गुडघा दुखतो, चांगला आहे. मी सगळं सांगितलं. त्याने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "सत्तावीस वर्षं तुझ्या भावाच्या नावाने बोटं मोडली मी. तुला गंमत वाटत होती का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "त्याला सांग..." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या घरचा बॉयलर मी फुकट बसवून देईन." मी सांगितलं, तो भट्ट्या बांधतो, बॉयलर त्याला शिवी वाटेल. तेव्हा हसला, आणि मग फोनवरच नाक शिंकरत राहिला.

आता प्रश्न असा आहे, आणि तो तुझाच आहे. आमच्या दुकानाचा नेम, कुलूप नाही. पण तुझं मांजर कुलपालाच बांधलेलं आहे. डिस्कवर खूण आहे का, असं गेम विचारतो. नाही असं उत्तर आलं तरच मांजर येतं. कुलूप उपटून टाकलं तर मांजरही गेलं, वालेंती झोपूनच राहतात. कुलूप ठेवलं तर आमचा नेम मोडला. झानेटाचं म्हणणं, प्रश्न काढून टाकायचा आणि उत्तर ठेवायचं. गेम कोणालाच काही विचारणार नाही. येईल त्या प्रत्येकासाठी आजोबा म्हणतील, मांजर असेल.

हे तुझ्या परवानगीशिवाय मी होऊ देणार नाही. एकदा तुझ्या परवानगीशिवाय तुझं काम बाहेर नेलं, तेवढं पुरे. नको म्हणालास तर गेम येणार नाही, आणि तसं का झालं ते मी एक्केचाळीस हजार लोकांना माझ्या नावाने लिहीन. हो म्हणालास तरीही लिहीन.

तेरा दिवस उरले आहेत. माझं मागणं संपलं.

तुझी लहानपणची बोगुशा

वॉर्सा, ७ डिसेंबर

सेवेक,

तुझं पाकीट अठ्ठावीस तारखेला आलं. दोन दिवस शिल्लक ठेवून. मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं नाही. जिन्यात जाऊन उघडलं, आपण लहानपणी प्रगतिपुस्तक उघडायचो तसं.

सही आहे, घसरलेली. आणि 'लेखकाच्या सूचना' या चौकटीत, जिथे लोक वकिली भाषेत पानभर लिहितात, तिथे तुझ्या तीन ओळी:

'मांजर राहू दे. तू जाणार हे ठाऊक होतं, मी थांबवायला हवं होतं, झोप येत होती. येशील तेव्हा बूट दाराशी काढ, घरात घालायला सपाता आहेत, तुझा अडतीस नंबर.'

झोप येत होती म्हणे. पहाटे पाच चाळीसला जो माणूस म्हाताऱ्याचा आवाज काढतो त्याला झोप येत होती. बरं. तू म्हणतोस तर तसं.

वकिलांनी विचारलं, सपातांचा मजकूर करारात धरायचा का? मी म्हटलं, तेवढाच धरा.

काल 'सातवी वेस' आली. दुपारी बाराला झानेटाने कळ दाबली. मी माझं पत्र आदल्या दिवशीच साइटवर लावलं होतं, झेनोन, तेरावी डिस्क, केक, सगळं. मला वाटलं होतं लोक दगड मारतील. काहींनी मारले, ते बरोबरच आहे. पण बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलं, एकाखाली एक, पानंच्या पानं: 'मांजर असेल.' मी खाली खाली वाचत गेले. ते संपेना.

दुपारी ओल्गिएर्दसाहेबांचा फोन आला. त्यांनी सकाळीच जुनी डिस्क लावून उजळणी केली होती आणि मग नवा गेम घेऊन सरळ सातव्या वेशीपर्यंत गेले. म्हणाले, "किटली अजून वाजते. मला भीती होती तुम्ही साफ कराल." झानेटाने खरंच ती शिट्टी काढायला घेतली होती, मला न विचारता. मी तिचा हात धरला होता. साहेबांना तेवढं सांगितलं नाही.

रेमेकने विकत घेतला. त्याला फुकट मिळत होता. तिसऱ्या वेशीवर अडकला आहे आणि मला विचारतो की पुढे कसं जायचं. दोन वर्षं त्याच घरात राहिला, आणि बूट काढायचे हे त्याच्या अजून लक्षात आलं नाही. मी सांगणार नाही.

मी शनिवारी येते. हाय्नुवकाला गाडी दुपारी दोनला पोचते, पुढे बस आहे असं टाइमटेबल म्हणतं. वांदा मावशीने तुझ्यासाठी कोबीची पानं दिली आहेत, ती वाटेत सांडली नाहीत तर आणीन. आईचा बटणांचा डबा आणते आहे, तो तुझाही आहे. स्टेशनवर येऊ नकोस, भट्टीपाशी बस.

बूट दाराशीच काढीन. पण अंगणातून येताना पाय आपटत येईन, सेवेक, सगळ्या फळ्या वाजवत. तुला ऐकू आलं पाहिजे.

तुझी
बोगुशा